शेवटच्या बाकावरची वही

वही दोनशे पानी होती, जाड पुठ्ठ्याची, आणि सोलापूरच्या एसटी स्टँडवर संध्याकाळी हातोहात फिरायची. मी मोहोळच्या गाडीची वाट बघायचे, बार्शीवाली बार्शीच्या, अक्कलकोटवाला अक्कलकोटच्या. ज्याला दुसऱ्या दिवशी वर्गावर पाठ घ्यायचा नाही, त्याच्याकडे वही रात्रीपुरती जायची. सकाळी तो ती परत आणायचा आणि पहिला तास सुरू व्हायच्या आत आम्ही सगळे तिच्यावर वाकलेलो असायचो.

आम्ही बी.एड. करणारे सहाजण होतो आणि एकमेकांना गावाच्या नावानं हाक मारायचो. पहिल्या आठवड्यात हजेरीच्या वेळी सरांनी प्रत्येकाचं गाव विचारलं, तेव्हापासून ते चिकटलं ते चिकटलंच. मी मोहोळ. मग बार्शी, सांगोला, अक्कलकोट. मंगळवेढ्याच्या ताई आमच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, दोन मुलांच्या आई, त्यामुळे त्यांना नुसतं गाव न म्हणता ‘मंगळवेढेताई’. आणि सहावा सोलापूरचाच, म्हणून त्याचं नाव ‘पूर्व भाग’. बाहेरच्यांसाठी सांगते, सोलापूर शहराचा पूर्व भाग म्हणजे यंत्रमागांचा, विडी कामगार बायांचा, घरात तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली कुटुंबांचा भाग. त्याचं घर तिथलं. वर्गात मराठी, घरात तेलुगू, आणि कट्ट्यावर खास सोलापुरी ‘का बे, काय बे’.

बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं, त्यानंतरच्या सुरुवातीच्या तुकड्यांपैकी आमची एक. पहिल्या वर्षी शाळेत जायच्या आधी सूक्ष्म अध्यापन असतं. एक कौशल्य घ्यायचं, प्रश्न विचारण्याचं किंवा फलकलेखनाचं किंवा प्रबलनाचं (म्हणजे शाबासकी देऊन मुलांना उत्तेजन देण्याचं), आणि सहा मिनिटं शिकवायचं. समोर विद्यार्थी म्हणून आपलेच सोबती. मग सहा मिनिटं प्रत्याभरण, म्हणजे पाठ कसा झाला ते सोबत्यांनी सांगायचं, बारा मिनिटांत पाठाची नवी आखणी, पुन्हा सहा मिनिटं शिकवणं, पुन्हा सहा मिनिटं प्रत्याभरण. एकूण ३६ मिनिटांचं चक्र. कागदावर ते फार नीट बसतं. प्रत्यक्षात काय व्हायचं, तर समोर बसलेले ‘सातवीचे विद्यार्थी’ पदवीधर असायचे. प्रश्न संपायच्या आत हात वर, उत्तर बरोबर, ‘शाब्बास’, पुढचा प्रश्न. मार्क सगळ्यांनाच हवे होते, म्हणून सगळेच सगळ्यांना मदत करत होते.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी माझा पाठ होता. मी विचारलं, ‘ऋण संख्या म्हणजे काय?’ बार्शीनं हात वर केला नाही. मी तिला उठवलं. ती उभी राहिली आणि काही बोललीच नाही. खाली बघत राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. मी गडबडले, दुसऱ्याला विचारलं, पाठ पुढे ढकलला. प्रत्याभरणात ती म्हणाली, ‘मी शाळेत जशी बसायचे तशी बसले. मला गणित यायचं नाही. सर विचारायचे आणि मी अशीच उभी राहायचे, आणि ते दुसऱ्याला विचारायचे. तू पण तेच केलंस.’

त्या वाक्यानं मी दिवसभर बेचैन होते. मी तिच्या सरांसारखी वागले, याचा अर्थ मी माझ्याही सरांसारखी वागले. शिक्षकांच्या पेशाचा अभ्यास करणारे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ साली हेच मांडलं होतं, हे मला पुढे कळलं. शिक्षक होणारा माणूस त्याआधी हजारो तास विद्यार्थी म्हणून बाकावर बसून शिक्षक बघत आलेला असतो. त्याला शिक्षक दिसतो, पण शिक्षकाच्या डोक्यात काय चाललंय ते दिसत नाही. मग स्वतः फळ्यापाशी उभं राहिल्यावर हात आपोआप त्याच जुन्या सवयीनं चालतो. ही सवय आतून कळत नाही. बार्शी त्या दिवशी गप्प उभी राहिली, म्हणून मला माझी कळली.

त्यानंतर आमच्या गटात एक पद्धत पडली. सूक्ष्म पाठाला बसताना प्रत्येकानं कुणीतरी व्हायचं. अक्कलकोट घरी कन्नड बोलणारा मुलगा व्हायचा, जो तो खरोखरच होता. सांगोला शेतातून उशिरा आलेला मुलगा. ताई त्यांच्या धाकट्या लेकासारख्या व्हायच्या, सारखं ‘पण का?’ विचारणाऱ्या. मेथडच्या, म्हणजे विषय कसा शिकवायचा ते शिकवणाऱ्या मॅडमना सुरुवातीला वाटलं आम्ही पाठ बिघडवतोय. मग त्या स्वतःच मागे येऊन बसायला लागल्या.

खऱ्या शाळेतले सराव पाठ सुरू झाले, तेव्हा दुसरी अडचण आली. एकजण शिकवतो, बाकीचे शेवटच्या बाकांवर बसून निरीक्षण तक्ता भरतात. आमच्या महाविद्यालयात हे तक्ते म्हणजे निव्वळ उपचार होता आणि त्याचं मला अजूनही वाईट वाटतं. ‘आवाज स्पष्ट. फलकलेखन सुबक. वर्गनियंत्रण उत्तम. शैक्षणिक साधनांचा योग्य वापर.’ सगळ्यांच्या तक्त्यांत तीच चार वाक्यं. कित्येकांनी फाईल जमा करायच्या आदल्या रात्री एका बैठकीत वीस-वीस तक्ते भरले. तपासणाऱ्यांनीही कधी विचारलं नाही की प्रत्येकाचा आवाज स्पष्ट आणि प्रत्येकाचं लेखन सुबक कसं. दोन वर्षांतली सर्वांत मोलाची गोष्ट, म्हणजे आपल्याचसारख्या नवशिक्याला मुलांसमोर धडपडताना बघणं, आणि ती आम्ही चार ठोकळेबाज वाक्यांत उरकत होतो.

वहीची कल्पना ताईंची. त्या बी.एड.ला येण्याआधी गावातल्या एका शाळेत काही वर्षं कमी पगारावर शिकवत होत्या. एकदा स्टँडवर कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा उघडत त्या म्हणाल्या, ‘तक्त्यात काय लिहायचं ते लिहा. पण खरं काय दिसलं ते एका वहीत लिहू या. चांगलं-वाईट लिहायचं नाही. दिसलं ते लिहायचं.’ वर्गणी काढून समोरच्या दुकानातून वही घेतली. नावाच्या जागी सहा गावं लिहिली, विषयाची जागा कोरी ठेवली.

‘दिसलं ते लिहायचं’ हे किती अवघड आहे, ते पहिल्या पानांवर कळतं. माझी पहिली नोंद आता वाचवत नाही. ‘अक्कलकोटनं पाठ छान घेतला, मुलं खूश होती.’ त्याखाली ताईंच्या अक्षरात एकच ओळ आहे: ‘कोणतं मूल? कशावरून खूश?’

आता त्या पाठाबद्दल सांगते, ज्याच्यामुळे मी आज जशी शिकवते तशी शिकवते.

पूर्व भागातली मराठी माध्यमाची शाळा. सोलापुरात महापालिकेच्या मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा चार माध्यमांच्या शाळा आहेत, पण मराठी शाळेतही बाकाबाकावर घरची भाषा वेगळी असते. विषय परिमिती आणि क्षेत्रफळ. मी टाचण, म्हणजे पाठाची लेखी आखणी, रात्री दोनदा लिहून काढलं होतं. मुलांना चौकटीचे कागद वाटले आणि ४ चौकटी लांब, ३ चौकटी रुंद असा आयत काढायला सांगितला. परिमिती किती? बहुतेकांनी १४ सांगितली. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं १० लिहिलं होतं. मी तिच्याजवळ गेले, ‘बघ, ४ अधिक ३, सात, सातदुणे चौदा’ असं सांगितलं, तिनं खोडून १४ केलं, मी पुढे गेले. क्षेत्रफळ १२, सगळ्यांचं बरोबर. तास संपला. मॅडमनी चांगले गुण दिले. मी खूश.

दुसऱ्या दिवशी वहीत पूर्व भागची नोंद होती. तो शेवटून दुसऱ्या बाकावर, त्या मुलीच्या तिरकं मागे बसला होता. त्यानं माझ्याबद्दल काहीच लिहिलं नव्हतं. त्यानं कागदावर तो आयत काढला होता आणि कडेच्या चौकटींत १ ते १० आकडे घातले होते. खाली लिहिलं होतं: ‘ती कडेच्या चौकटी मोजत होती. दहाच भरतात. बरोबर मोजलं तिनं.’

मी ते चित्र पुन्हा पुन्हा बघितलं. ४ बाय ३ च्या आयतात १२ चौकटी, मधल्या २ सोडल्या तर कडेला १० उरतात. तिनं ‘कडेनं मोजायचं’ हे माझं वाक्य तंतोतंत पाळलं होतं. मी ‘चूक’ म्हटलं, सूत्र सांगितलं, आणि तिनं माझ्या शब्दाखातर बरोबर उत्तराची जागा दुसऱ्या बरोबर उत्तराला दिली. तिला काय कळलं? बाईंना १४ हवं आहे, एवढंच.

‘तुला कसं दिसलं रे?’ मी त्याला विचारलं. तो म्हणाला, ‘आमच्या घरात चौकटच मोजतात बे. माझे वडील डिझाइनच्या कागदावरून पुठ्ठे पाडायचे. चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात. उभी ओळ म्हणजे ताण्याचा धागा, आडवी ओळ म्हणजे बाण्याचा. रंगवलेल्या चौकटीला पुठ्ठ्यात भोक. त्या पुठ्ठ्यांची माळ जकार्डवर चढली की माग ती नक्षी विणतो. तिथे रेघ कोण मोजतंय? चौकट म्हणजेच धागा. त्या पोरीच्या घरी पण माग असणार.’ मधल्या सुट्टीत तो तिच्याशी तेलुगूत बोलला होता. ‘एट्ला?’, म्हणजे ‘कसं?’, एवढंच विचारलं होतं. तिनं बोट ठेवून ठेवून मोजून दाखवलं होतं. घरी माग नव्हता, पण मामाकडे होता.

मी गणितात बी.एस्सी. केलेली. परिमिती ही लांबी असते, चौकट हे क्षेत्र असतं, हे मला इतकं पक्कं माहीत होतं की कुणी चौकटींनी लांबी मोजू शकेल हे माझ्या मनातही आलं नाही. त्याला आलं, कारण तो त्या घरातला होता आणि कारण तो शेवटून दुसऱ्या बाकावर बसून फळ्याकडे न बघता तिच्या बोटाकडे बघत होता.

मॅडमना विनंती करून तोच वर्ग मी परत घेतला. टाचण आम्ही दोघांनी केलं. त्यानं घरून एक टॉवेल आणला, काठ असलेला. आधी काठावरून दोरा फिरवून मोजला. मग फळ्यावर तो आयत काढला आणि मी म्हटलं, ‘एक मुंगी कडेनं चाललीय. प्रत्येक चौकटीची किती बाजू ती चालते?’ कडेच्या, पण कोपऱ्यावर नसलेल्या चौकटींची एक. कोपऱ्यावर आली की वळते, म्हणजे त्या चौकटीच्या दोन बाजू चालते. कोपरे चार. १० आणि वरचे ४, चौदा. ती मुलगी ताडकन म्हणाली, ‘म्हणजे माझे दहा पण आहेत त्यात!’ हे तिचं वाक्य वहीत तीन वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, कारण मागे बसलेल्या तिघांनीही ते टिपलं.

आणि तिथेच संपलं नाही. तास संपता संपता तिनं विचारलं, ‘एकाच ओळीचा पट्टा असला तर?’ आमच्या टाचणात हे नव्हतं. मी पूर्व भागकडे बघितलं, त्यानं खांदे उडवले. मी तिलाच फळ्यापाशी बोलावलं. तिनं ५ चौकटींचा पट्टा काढला. मुंगी चालवली. टोकाच्या चौकटींच्या तीन-तीन बाजू, मधल्या तिघींच्या दोन-दोन. ३, ६ आणि ३, बारा. मग सूत्रानं पडताळलं, ५ अधिक १ सहा, दुप्पट बारा. ती जागेवर जाऊन बसली तेव्हा शेजारणीनं तिला कोपरानं ढोसलं आणि दोघी हसल्या. त्या दिवशी मला किती गुण मिळाले ते आठवत नाही.

पुढे कधीतरी एका प्रशिक्षणात जपानमधल्या पाठ-अभ्यासाबद्दल ऐकलं. तिकडे शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एकजण तो घेतो, बाकीचे वर्गात उभे राहून बघतात, आणि त्यांची नजर मुलांवर असते. नंतरची चर्चा पाठावर होते. पाठ सगळ्यांचा असल्यामुळे घेणाऱ्याला एकट्याला धारेवर धरायचा प्रश्न येत नाही. ऐकताना मला सारखा तो टॉवेल दिसत होता.

अक्कलकोटबद्दल लिहायलाच हवं. सीमेवरचा माणूस, घरी कन्नड, शिक्षण मराठीत. तो प्रश्न विचारायचा आणि थांबायचा. इतका थांबायचा की मागे बसलेल्या आम्हाला घाम फुटायचा. त्याच्या तक्त्यावर एका निरीक्षकांनी ‘गती कमी’ असा शेरा दिला होता, आणि तो त्यानं मनाला लावून घेतला. पण वहीत त्याच्या पाठांच्या नोंदी बघितल्या तर एक गोष्ट लक्षात येते. त्याच्या तासाला बोललेल्या मुलांची यादी आमच्या सगळ्यांपेक्षा लांब. जे मूल माझ्या तासाला तोंड उघडत नव्हतं, ते त्याच्या तासाला दोन-दोन वाक्यं बोलत होतं.

बार्शीनं एकदा हातातल्या घड्याळावर मोजलं. मी प्रश्न विचारून एका सेकंदात पुढे जात होते. तो चार-पाच सेकंद थांबत होता. ‘तू मुद्दाम थांबतोस का?’ तिनं विचारलं. तो म्हणाला, ‘नाही गं. शाळेत असताना मराठीत प्रश्न आला की मी आधी मनात कन्नडमध्ये करायचो, उत्तर शोधायचो, परत मराठीत आणायचो. तोवर दुसऱ्यानं उत्तर दिलेलं असायचं. म्हणून मला वाटतं, समोरच्यालाही तेवढा वेळ लागत असेल.’

मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून हेच मोजलं होतं. शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंदच थांबतात. तो काळ तीन सेकंदांवर नेला तर उत्तरं लांब होतात, ‘माहीत नाही’ कमी होतं, आणि ज्यांना शिक्षक मंद समजतात ती मुलंही बोलू लागतात. हे पुस्तकात वाचल्यावर मी धावत जाऊन अक्कलकोटला दाखवलं. त्यानं वाचलं, पुस्तक मिटलं आणि म्हणाला, ‘मग माझा तो शेरा खोडायला सांग की.’ तो हसत नव्हता. एका माणसाला त्याच्या सर्वांत चांगल्या सवयीबद्दल शिक्षा झाली होती, आणि ती सवय सोडून द्यायच्या बेतात तो होता. वही नसती तर त्यानं ती सोडली असती, असं मला आजही वाटतं.

वहीनं एकदा दुखावलंही, आणि दुखावणारी मी होते. सांगोला आठवीला वर्गमूळ शिकवत होता. घाईत त्यानं फळ्यावर ६४ अधिक ३६ चं वर्गमूळ ८ अधिक ६ म्हणजे १४ असं लिहिलं. कुणीच बोललं नाही, मुलांनी उतरवून घेतलं. मी रात्री वहीत लाल शाईनं लिहिलं: ‘संकल्पनाच चुकीची शिकवली. १०० चं वर्गमूळ १० येतं.’ दिसलं तेच लिहिलं होतं. पण सकाळी वही सहाजणांनी एकदम वाचली. सांगोला काही बोलला नाही. पंधरा-वीस दिवस त्यानं वहीला हात लावला नाही आणि माझ्या पाठाला मागे बसला तरी खिडकीबाहेर बघत बसला.

ताईंनी मला स्टँडवर बाजूला घेतलं. ‘तू खोटं लिहिलं नाहीस. पण आधी त्याला सांगायचं, मग वहीत. जे त्याला तोंडावर सांगवत नाही, ते पाठीमागे पाच जणांना वाचायला देऊ नये.’ मी त्याच्याकडे गेले. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस होते, होम मैदानावर पाळणे लागलेले, नंदीध्वजांची मिरवणूक नुकतीच झालेली. आम्ही दोघं सिद्धेश्वर तलावाच्या काठाला उभं राहून बोललो. तो म्हणाला, चूक त्याला वर्गातून बाहेर पडतानाच कळली होती. रात्रभर झोप नव्हती, दुसऱ्या दिवशी जाऊन मुलांसमोर कशी सुधारायची याचाच विचार. आणि सकाळी लाल शाई. ‘मला विचारलं असतंस तर मी तुझ्याकडेच आलो असतो,’ तो म्हणाला, ‘गणित तुझं चांगलं आहे.’

नंतर त्यानं ती चूक मुलांसमोर सुधारली, आणि फार सुंदर सुधारली. स्वतःच्या हातानं तेच गणित परत लिहून त्यानं विचारलं, ‘काल मी इथे काय केलं?’ ते मी मागे बसून बघितलं. आज माझी चूक झाली की मी तसंच करते, त्याच्याच शब्दांत. लाल शाई मात्र त्यानंतर वहीत कुठेच नाही.

व्हिगॉट्स्कीवरचं टिपण आम्ही परीक्षेसाठी तोंडपाठ केलं होतं. १८९६ ते १९३४ एवढं छोटं आयुष्य लाभलेला हा रशियन मानसशास्त्रज्ञ म्हणतो की मूल एकट्यानं जेवढं करू शकतं आणि मोठ्यांच्या किंवा जास्त जाणत्या सोबत्याच्या मदतीनं जेवढं करू शकतं, त्या दोहोंमधली जागा शिकण्याची. दहा गुणांचा प्रश्न, सगळ्यांनी लिहिला. ते वाचताना आम्हाला ‘मूल’ दिसत होतं. फळ्यापाशी उभी राहिलेली बावीस-तेवीस वर्षांची घाबरलेली मुलगी दिसली नव्हती. आणि ‘जास्त जाणता सोबती’ म्हणजे वर्गातला हुशार, असंच मी धरून चालले होते. बार्शीला माझ्यापेक्षा गणित कमी येत होतं, म्हणूनच गणित न येणं म्हणजे काय हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. पूर्व भागला चौकट जास्त कळत होती. अक्कलकोटला वाट बघणं. जाणतेपण असं विखुरलेलं असतं, आणि कुणाकडे काय आहे हे मागच्या बाकावर एकत्र बसल्याशिवाय समजत नाही.

दुसऱ्या वर्षी छात्रसेवाकालाचे, म्हणजे शाळेत राहून शिक्षकाचं काम शिकण्याचे, १६ आठवडे आम्ही वेगवेगळ्या शाळांत गेलो. वही मागे पडली, पण तुटली नाही; शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की स्टँडवर भेटायचो. ताई दोन वेळा फक्त वही घ्यायला मंगळवेढ्याहून आल्या.

मग सगळेच पांगलो. सांगोला आणि बार्शी भरतीच्या वाटेकडे डोळे लावून बसले, अक्कलकोट आधी लागला, मी आमच्याच तालुक्यातल्या एका शाळेत आले. डिसेंबर २०२० मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडच्या कामाबद्दल सगळीकडे लिहून आलं. दहा लाख डॉलरचं बक्षीस. मला आत कुठेतरी लागलं ते त्यांनी पुढे केलं ते. अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. नऊ देशांतले, कधीही एका बाकावर न बसलेले. त्या रात्री मंगळवेढेताईंचा फोन आला. बातमीबद्दल आम्ही फार बोललो नाही. त्यांनी विचारलं, ‘वही कुणाकडे आहे गं?’ माझ्याकडे होती.

गेल्या वर्षी आमच्या शाळेत छात्रसेवाकालासाठी दोन मुली आल्या. हातात तेच छापील तक्ते. मी त्यांना माझ्या तासाला मागे बसवलं आणि एक नवी वही दिली. आमची जुनी वहीही दाखवली, लाल शाईचं पान धरून. म्हटलं, माझ्याबद्दल लिहा, मी रागावणार नाही. आणि आधी मला सांगा, मग लिहा.

चार दिवस त्यांनी काहीच लिहिलं नाही. पाचव्या दिवशी त्यातली एक, वैरागकडची, मधल्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. मी थांबले.

‘मॅडम, तुम्ही प्रश्न विचारल्यावर थांबता,’ ती म्हणाली. ‘पण थांबताना खडू उचलता. तुम्ही खडू उचलला की मुलं वह्या उघडतात. त्यांना वाटतं, आता मॅडम उत्तर लिहिणार.’

आठ वर्षं मी थांबते आहे असं समजत होते. तिला म्हटलं, लिही हे, जसं बोललीस तसंच. तिनं निळ्या पेननं लिहिलं, तीन ओळी.

दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारला, खडू डबीतच ठेवला आणि हात पाठीमागे धरून उभी राहिले. वर्गात पंख्याचा आवाज येत होता. मागच्या बाकावर त्या दोघी मुलांच्या हातांकडे बघत होत्या.